शंभर मीटरचं टायमिंग: मोजायचं कसं आणि कशाशी ताडून बघायचं

‘आमचं पोरगं शंभर मीटर अकरात काढतं’, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही मैदानावर ऐकू येतं. पोरगं असतं आठवीत किंवा नववीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना शंभर मीटरचे पूर्ण १५ गुण मिळवायला ११.५० सेकंदांच्या आत यावं लागतं, आणि वर्ष-दोन वर्षं अकादमीत घाम गाळलेल्या विशीतल्या मुलांपैकीही बहुतेकांना ते जमत नाही. मुलींसाठी हाच आकडा १४ सेकंदांचा आहे. मग चौदा वर्षांचा मुलगा अकरात कसा येतो? पोरगं खोटं बोलत नसतं. गोंधळ घड्याळाचा असतो, नाहीतर मैदानाचा, आणि बहुतेक वेळा दोन्हींचा.

हा लेख मुलाला किंवा मुलीला नुकतंच धावायला घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी आणि गणित-भूगोल शिकवता शिकवता ज्यांच्या गळ्यात क्रीडा विभाग पडला आहे अशा शिक्षकांसाठी आहे. कोणत्या वयाला किती सेकंद, हे आकडे पुढे दिले आहेत. पण ते आधी वाचू नका. तुमचं मोजमाप चुकलेलं असेल, तर त्या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही.

आधी मैदान मोजा

शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेली शंभर मीटरची रेघ खरंच शंभर मीटरची आहे का? ती कुणी, कधी आणि कशाने मोजली? पावलं टाकून मोजलेली असेल, तर विसरून जा. मोबाइलच्या नकाशावरचं अंतरही एवढ्या बारीक कामाला पुरत नाही. गवंड्याकडे किंवा सर्व्हेवाल्याकडे पन्नास मीटरचा स्टीलचा टेप मिळतो, तो आणा. कापडी टेप ओढला की ताणला जातो. टेप जमिनीवर सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी ताठ धरा, पन्नासला खिळा ठोका आणि पुढचे पन्नास मोजा.

एवढा खटाटोप कशाला, तर हिशोब बघा. साडेबारा सेकंदांत शंभर मीटर धावणारा मुलगा सेकंदाला सरासरी आठ मीटर जातो. मैदान चार मीटरनं कमी भरलं की त्याचा अर्धा सेकंद आपोआप वाचतो. शंभर मीटरमध्ये अर्धा सेकंद म्हणजे तालुक्यात पहिला येणारा आणि उपांत्य फेरीत बाद होणारा, यांच्यातलं अंतर.

उतारही बघा. नियमाप्रमाणे ट्रॅकला धावण्याच्या दिशेनं हजार मीटरला एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही. शाळेच्या मैदानाला एवढी काटेकोर पातळी नसते, म्हणून निदान दरवेळी एकाच दिशेनं धाव घ्या. आणि शेवटच्या रेषेपुढे किमान पंधरा-वीस मीटर मोकळी जागा हवी. समोर कंपाउंडची भिंत दिसली की पोरं ऐंशी मीटरलाच ब्रेक लावतात, आणि नाही लावला तर भिंतीवर आदळतात.

सरळ शंभर मीटर मिळतच नसेल, तर वळणावर किंवा तिरपं धाववून शंभर भरून काढू नका. सरळ साठ मीटर घ्या. नव्या मुलांसाठी मला तर साठच जास्त आवडतं. बारा-तेरा वर्षांची मुलं तीस-चाळीस मीटरपर्यंत वेग वाढवतात आणि पुढे नुसती तग धरतात. त्यामुळे पायात किती वेग आहे ते साठ मीटरमध्येच कळून जातं. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ९ ते १८ वयोगटासाठी ५० मीटरची धाव असते. ती तुमच्या शाळेत झाली असेल, तर तो आकडा मागून घ्या. तो कसा मोजला होता, तेही विचारा.

मग घड्याळ

नेहमीचं दृश्य असं असतं. पीटीचे सर सुरुवातीच्या रेषेवर शिट्टी वाजवतात आणि शंभर मीटर दूर उभा असलेला दहावीतला मुलगा शिट्टी ऐकून घड्याळ सुरू करतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शिट्टी त्याच्या कानापर्यंत पोहोचायलाच ०.२९ सेकंद लागतात. ऐकून अंगठा दाबेपर्यंत आणखी थोडा वेळ जातो. शेवटी मात्र धावणारा समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा आधीच तयार असतो आणि घड्याळ वेळेवर, कधीकधी चक्क आधीच, बंद होतं. खरी वेळ १२.६ असेल, तर घड्याळात १२.१ किंवा १२.२ दिसतं. घरी जाईपर्यंत दशांश गळून पडतो आणि ‘बारात काढलं’ होतं. त्यात मैदान चार मीटरनं कमी असेल, तर अकराचं कोडंही सुटलं.

यावर उपाय सोपे आहेत. घड्याळ आवाजावर नाही, डोळ्यांवर सुरू करायचं. स्पर्धेत वेळाधिकारी पिस्तुलाचा धूर किंवा प्रकाश बघून बटण दाबतात. तुमच्याकडे पिस्तूल नाही, तर सुरुवात देणाऱ्यानं लाल रुमाल बांधलेला हात वर धरावा आणि शिट्टीबरोबर झटक्यात खाली आणावा. घड्याळवाल्यानं फक्त रुमाल बघायचा. तो उभा राहील नेमक्या शेवटच्या रेषेच्या सरळीत, ट्रॅकपासून थोडा दूर. रेषेच्या पुढं-मागं उभं राहिलं की नजर तिरकी पडते. धावणाऱ्याची छाती, म्हणजे धड, रेषेवर आलं की बटण. डोकं, हात, पाय किंवा मान धरायची नाही.

घड्याळं तीन असतील तर उत्तम. दोन घड्याळांची वेळ सारखी असेल तर ती घ्यायची, तिन्ही वेगळी असतील तर मधली, आणि घड्याळं दोनच असतील तर त्यातली जास्त वेळ. हातानं घेतलेली वेळ दशांशाच्या एकाच आकड्यात लिहितात, आणि तीही वरच्या बाजूला. घड्याळात १२.४१ दिसलं तरी वहीत १२.५ जातं. स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवतं म्हणून आपला अंगठाही तेवढा अचूक आहे असं नाही.

सिंथेटिक ट्रॅकवरच्या मोठ्या स्पर्धांत वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि कॅमेरा घेतात. हातानं घेतलेल्या वेळेची त्याच्याशी तुलना करायची असेल, तर १०० आणि २०० मीटरला ०.२४ आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवायचे, असा जुना प्रघात आहे. म्हणजे काटेकोरपणे घेतलेली १२.५ ही राज्य स्पर्धेच्या निकालपत्रावर १२.७४ च्या आसपास बसते. पालकांचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. पोरगं बालेवाडीला जाऊन हळू धावलेलं नसतं. तिथं घड्याळ खरं असतं, एवढंच.

माणसं कमी असतील, तर मोबाइल कामाला येतो. शेवटच्या रेषेच्या सरळीत उभं राहून सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेरा फिरवत एकच सलग व्हिडिओ घ्या. सेकंदाला साठ फ्रेमची सेटिंग ठेवा. मग व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकवणाऱ्या अॅपमध्ये उघडा. रुमाल हलला ती पहिली फ्रेम आणि छाती रेषेवर आली ती शेवटची. मधल्या फ्रेम मोजून साठानं भागा. ७५६ फ्रेम आल्या तर वेळ १२.६. हातातल्या घड्याळापेक्षा हे कितीतरी विश्वासार्ह, आणि ‘सर, माझं कमी लिहिलं’ ही कुरकूरही बंद होते.

वारा विसरू नका

१०० आणि २०० मीटरमध्ये पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वारा असेल, तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. वाऱ्यानं किती फरक पडतो, ते ऑस्ट्रेलियाच्या गाउट गाउट या धावपटूकडे बघून कळतं. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनच्या शालेय स्पर्धेत तो सोळा वर्षांचा होता. प्राथमिक फेरीत १०.०४ धावला, पण पाठीवर ३.४ मीटरचा वारा होता. अंतिम फेरीत वारा ०.९ वर आला आणि वेळ झाली १०.१७. त्याच स्पर्धेत २०० मीटर २०.०४ मध्ये धावून त्यानं पीटर नॉर्मनचा १९६८ सालचा ऑस्ट्रेलियन विक्रम मोडला.

तुमच्याकडे वारा मोजायचं यंत्र नसणार. चिमूटभर माती किंवा वाळलं गवत हवेत सोडा आणि वहीत लिहा: ‘पाठीमागून’, ‘समोरून’ किंवा ‘शांत’. पाठीमागून जोराचा वारा असेल त्या दिवशीची वेळ सर्वोत्तम म्हणून धरू नका. कोकणपट्टीत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तिथे सकाळीच चाचणी उरका.

चाचणीचा दिवस

आदल्या दिवशी जड व्यायाम नको. जेवण चाचणीच्या अडीच-तीन तास आधी झालेलं असावं. वॉर्मअपला वीस-पंचवीस मिनिटं लागतात: हळू जॉगिंग, मग पाय मागे-पुढे झुलवणं, गुडघे वर उचलून धावणं, टाचा मागे मारणं आणि शेवटी साठ-सत्तर-ऐंशी टक्के जोरानं तीन छोट्या धावा. थंड अंगानं पूर्ण जोर लावला की मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दगा देतो. एकदा फाटला की महिना-दीड महिना गेलाच.

सुरुवात कशी करायची ते आधीच ठरवा आणि दरवेळी तीच ठेवा. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ब्लॉक, म्हणजे पाय टेकवून सुटायचे ठोकळे, देऊ नका. ब्लॉकमधून नीट उठायला शिकण्यातच काही महिने जातात, आणि न शिकलेला मुलगा ब्लॉकमुळे उलट हळू निघतो. उभ्यानं सुरुवात करताना एक पाय पुढे, विरुद्ध हात पुढे, वजन पुढच्या पायावर आणि शरीर स्थिर. ‘जागेवर, तयार’ म्हटल्यावर पोरं डुलायला लागतात. डुलत असताना हात खाली आणला तर ती चालती सुरुवात झाली, वेळ रद्द.

नीट न मोजता आकडा काढला की काय घडतं, ते २०२० मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. कर्नाटकातल्या कंबळा शर्यतीत एक जण म्हशींमागे १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत गेला. कुणीतरी त्रैराशिक मांडून शंभर मीटरचे ९.५५ काढले आणि उसेन बोल्टचा २००९ चा ९.५८ चा विक्रम मोडल्याच्या बातम्या झळकल्या. चिखलातून दोन म्हशी माणसाला ओढत नेत होत्या, ही बाब त्रैराशिकात नव्हती. त्याआधी २०१९ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका तरुणाचा अनवाणी ‘अकरा सेकंदां’चा व्हिडिओ असाच फिरला. भोपाळला ट्रॅकवर चाचणी झाली तेव्हा तो शेवटचा आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला कुणी नीट मोजलंच नव्हतं.

एका दिवसात दोन, फार तर तीन धावा. मध्ये किमान आठ-दहा मिनिटांची विश्रांती. त्यातली चांगली वेळ वहीत जाईल, तारीख, मैदान, पायात काय होतं, वारा आणि घड्याळ की व्हिडिओ, या सगळ्यासकट. पुढची चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी. दर रविवारी टायमिंग काढणारे पालक मला माहीत आहेत. त्यातून मुलाला फक्त धाक बसतो.

आता आकडे

पुढचे आकडे ढोबळ आहेत. इलेक्ट्रॉनिक वेळेच्या हिशोबानं दिले आहेत, म्हणजे तुमच्या हातच्या वेळेत ०.२४ मिळवून ताडून बघा. मातीच्या मैदानावर, साध्या बुटांत किंवा अनवाणी धावणाऱ्याला यापेक्षा दोन-तीन दशांश जास्त लागले तर काळजी नको.

मुलगे, १०० मीटर:
१२-१३ वर्षं: सराव नसलेला १५.५ ते १७.५, वर्षभर सराव केलेला १३.८ ते १५.
१४-१५ वर्षं: सराव नसलेला १४ ते १५.५, सराव केलेला १२.६ ते १३.६.
१६-१७ वर्षं: सराव नसलेला १३.२ ते १४.५, सराव केलेला ११.९ ते १२.७.

मुली, १०० मीटर:
१२-१३ वर्षं: सराव नसलेली १६ ते १८.५, सराव केलेली १४.५ ते १५.८.
१४-१५ वर्षं: सराव नसलेली १५.५ ते १७.५, सराव केलेली १३.८ ते १५.
१६-१७ वर्षं: सराव नसलेली १५.५ ते १७.५, सराव केलेली १३.४ ते १४.६.

चौदा-पंधराचा मुलगा खऱ्या १२.३ मध्ये किंवा मुलगी १३.५ मध्ये येत असेल, तर जिल्ह्यात नाव निघेल. सतरा-अठराच्या आत राष्ट्रीय पदकाची भाषा करायची असेल, तर मुलांना साधारण पावणेअकरा सेकंद आणि मुलींना बाराच्या आसपास यावं लागतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे छत्तीसगडच्या अनिमेष कुजूरनं जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये धावलेलं १०.१८, त्या वेळचा नवा राष्ट्रीय विक्रम. मुलींमध्ये द्युती चंदचं २०२१ चं ११.१७.

साठ मीटरच्या वेळेला १.६ नं गुणलं की शंभरचा अंदाज येतो. आठ सेकंदांत साठ, तर शंभर १२.८ च्या आसपास. २०० मीटरला शंभरच्या दुप्पट वेळ आणि वर अर्धा ते एक सेकंद धरा. त्याहून खूप जास्त लागत असेल, तर वेग आहे पण तो टिकत नाही. ४०० मीटरला २०० च्या दुप्पट अधिक चार ते सहा सेकंद.

वय कागदावरचं आणि अंगातलं

वरची यादी वाचून मुलाला लगेच कुठल्या तरी खणात टाकू नका. चौदा वर्षांच्या दोन मुलांमध्ये एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक अगदी सर्रास असतो. लवकर वाढलेला मुलगा चौदा वर्षांखालील गटात सगळ्यांना मागे टाकतो आणि सतराखालील गटात बाकीचे त्याला गाठतात. तो बिघडलेला नसतो, बाकीचे मोठे झालेले असतात. आणि तेराव्या वर्षी सातवा येणारा काटकुळा मुलगा सोळाव्या वर्षी काय करेल, हे कुणी सांगू शकत नाही. उसेन बोल्टनं पंधराव्या वर्षीच, २००२ मध्ये किंग्स्टनला, २०० मीटरचं ज्युनिअर विश्वविजेतेपद २०.६१ मध्ये मिळवलं हे खरं. पण अनिमेष कुजूर शाळेत फुटबॉल खेळत होता आणि शाळा संपल्यावर धावण्याकडे वळला, हेही खरंच.

मुलींच्या बाबतीत आणखी सावध राहायला हवं. यादीत बघा, सराव नसलेल्या मुलींचा आकडा चौदानंतर जवळपास तिथंच थांबतो. तारुण्यात मुलांचे स्नायू झपाट्यानं भरतात, मुलींचं शरीर वेगळ्या पद्धतीनं बदलतं. बारा-तेरा वर्षांची चपळ मुलगी चौदा-पंधराव्या वर्षी तीन दशांश हळू धावली, की घरातून ‘आता बास झालं, दहावी आलीय’ सुरू होतं. बहुतेक मुलींच्या बाबतीत हा टप्पा वर्ष-दीड वर्षाचा असतो. सराव, विशेषतः ताकदीचा, सुरू राहिला तर वेळ पुन्हा उतरते. याच वयात पाळी सुरू झालेली असते. मुलगी सतत थकलेली दिसत असेल, तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळीच्या दिवसांत चाचणी नको असं ती म्हणाली तर चाचणी पुढे ढकला, धावायचं म्हणाली तर धावू द्या.

वाढीच्या काळात गुडघ्याच्या वाटीखाली उंचवटा येऊन दुखणं किंवा टाच दुखणं हेही दिसतं. हाड आणि स्नायू एकाच गतीनं वाढत नाहीत, त्याचा हा ताण. उड्या आणि पूर्ण जोराच्या धावा कमी करा, दुखणं दोन आठवड्यांत थांबलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेदनाशामक मलम चोळून स्पर्धेला उतरवू नका.

वेळ उतरवायची कशी

पहिल्याच वर्षी नव्या मुलाची वेळ अर्ध्या ते एक सेकंदानं उतरू शकते. त्यात निम्मा वाटा वाढीचा आणि नीट सुरुवात शिकण्याचा असतो. पुढे वर्षाला दोन-तीन दशांश म्हणजे छान प्रगती.

रोज पहाटे उठवून पाच किलोमीटर पळवणं, हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्यानं दम वाढतो, वेग नाही. वेग वाढवायचा तर पूर्ण जोरानं, ताज्या पायांनी आणि थोडंच धावावं लागतं. वीस ते चाळीस मीटरच्या पाच-सहा धावा, दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. दोन वेगाच्या दिवसांत किमान एक दिवस मोकळा. बाकी दिवशी उड्या, दोरी, उठाबशा, दंड, चढावरच्या छोट्या धावा आणि खो-खो. हो, खो-खोच! खुंटाभोवती वळून पुन्हा सुसाट सुटणं हा वेगाचाच सराव आहे.

स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, लगेच घेऊ नका. मातीवर साधे हलके बूट पुरतात. सिंथेटिक ट्रॅकवर नियमित जायला लागल्यावर घ्या, आणि वाढत्या पायाला मोठ्या मापाचे ‘पुढच्या वर्षीही चालतील’ असे तर मुळीच नकोत. पावडरचे डबे विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे आणि नऊ तास झोप, यापलीकडे या वयात काही लागत नाही.

स्पर्धेत उतरताना

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. नाव शाळेकडूनच जातं, त्यामुळे जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना गाठा आणि वयाची तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा. शाळा दाद देत नसेल, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धांचे वयोगट वेगळे असतात, पण तिथे शाळेवाचूनही नाव नोंदवता येतं. जन्मदाखला आणि आधार कार्डावरची तारीख जुळते ना, ते आधीच तपासा. वय चोरून खालच्या गटात उतरवणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पुढे हाडांच्या तपासणीत ते उघडं पडतं.

तालुक्याची स्पर्धा पावसाळ्यात किंवा तो सरता सरता भरते. मैदान ओलं, लेनच्या रेषा पुसट आणि घड्याळं हातातली. तिथं वेळेकडे नव्हे, क्रमांकाकडे बघा. एका चुकीच्या सुरुवातीवर थेट बाद करण्याचा नियम २०१० पासून आहे. शालेय पातळीवर पंच कधी समज देऊन सोडतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका. मुलाला सांगून ठेवा: आवाज होईपर्यंत हलायचं नाही, आपल्याच लेनमध्ये राहायचं आणि जोर रेषेच्या पाच मीटर पुढपर्यंत ठेवायचा. रेषेवरच थांबणारी पोरं दोन मीटर आधीपासून मंद होतात, आणि मागचा तिथंच पुढे निघतो.

निकाल लागल्यावर पंचांकडून वेळ लिहून घ्या, आणि ती हाताची आहे की इलेक्ट्रॉनिक, हे विचारूनच वहीत टिपा.